सात नंबरचा वाफा उपाशी ठेवणारा माणूस

माझ्या सासऱ्यांनी चौतीस वर्षं जमिनीचा एक तुकडा उपाशी ठेवला. हीच त्यांची नोकरी होती. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईनं विचारलं होतं, "मुलाचे वडील काय करतात?" आणि मध्यस्थ बाई जरा अडखळून म्हणाल्या होत्या, "एका वाफ्याला काही द्यायचं नाही, हे बघतात." आईला वाटलं, बाई थट्टा करताहेत. बाई अजिबात थट्टा करत नव्हत्या.

तंबाखूच्या संशोधन केंद्रात एका रांगेत सात वाफे होते. सगळे एका मापाचे, आमच्या अंगणाच्या चौपट. एकाच रोपवाटिकेतली रोपं, एकाच दिवशी लावणी, पाणीही मोजून सारखं. फरक फक्त खताचा. पहिल्याला युरिया दाबून, दुसऱ्याला बेतानं. तिसऱ्याला स्वस्तातलं पोटॅश, म्हणजे म्युरेट. चौथ्याला महागातलं, सल्फेट. पाचव्याला शेणखत, सहाव्याला थोडं थोडं सगळंच. आणि सातव्याला पाण्याशिवाय काही नाही. बाकीच्यांना खत दिल्यानं नेमका किती फरक पडला हे कळायला एकाला काहीच न मिळणं गरजेचं असतं. हे मला पटतं. सासूबाईंना कधीच पटलं नाही.

मीही त्याच केंद्रात, प्रयोगशाळेत. वशिल्यानं नाही, परीक्षा देऊन लागले. हे मला दर दोन-चार महिन्यांनी कुणाला ना कुणाला सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगून ठेवते. माझं काम पान जाळायचं. वाळवलेल्या पानाची शीर टाळून पट्टी कापायची, तिला तापलेली तार टेकवायची. ज्वाला नको, निखारा धरला पाहिजे. मग घड्याळ लावून मोजायचं, तो किती सेकंद धुमसतो. पान जळत नसेल तर घेणारा हात लावत नाही, मग पीक कितीही उंच येवो.

आणि पीक उंच येणं हाच तर घोळ असतो. युरिया जास्त झाला की पान जाड, थोराड, हिरवंगार. काढणीची वेळ येते तरी पिकायचं नाव नाही, आणि भट्टीतून बाहेर येतं ते काळपट हिरवं, नाकाला झोंबणारं. म्युरेटचं आणखी निराळं. पान मोठं येतं, तजेला येतो, वजन भरतं. पण त्या खतातलं क्लोरीन पानात जाऊन बसतं, पान हवेतली ओल ओढत राहतं. शेजारी जळतात, पान जळत नाही. माझ्या घड्याळात दोन सेकंद. सल्फेटच्या पानाला अकरा. हे शेतकऱ्यांना सांगून सांगून आमच्या केंद्रातल्या लोकांचे घसे बसले, तरी दरवर्षी कुणीतरी म्युरेटच्या पिकाशेजारी उभं राहून फोटो काढतंच.

सासऱ्यांना सगळे पट्टीकाका म्हणायचे. खिशात पोलादी पट्टी कायम. पानाची लांबी, रुंदी, झाडाची उंची, सगळं मोजायचं आणि वहीत लिहायचं. पण जीव सातव्यात. पाचव्यातली शेणखताची माती पायाला लागून सातव्यात जायला नको, म्हणून सातव्यासाठी वेगळ्या चपला. वर एका झाडाची फांदी यायची, तिची पानं गळून वाफ्यात कुजतील म्हणून ती फांदी तोडायला लावली. कावळ्यांवर तर विशेष राग, कारण विष्ठेत नत्र असतं. कोण आलं, कोण गेलं, याची वेगळी वही. "कावळे तीन, हुसकले." "शेळी एक, कुंपणापाशी, आत आली नाही." एकदा वरच्या ऑफिसमधले पाहुणे सातव्याच्या कडेला थुंकले, तर यांनी तेही लिहिलं, वेळेसकट. पाहुणे मोठे अधिकारी होते. लिहिलेलं खोडायला सांगितलं, यांनी खोडलं नाही.

घरात मात्र या माणसाला काही म्हणजे काही दिसायचं नाही. मी केस कापून आले, कळलं नाही. भिंतींना रंग दिला, तर चौथ्या दिवशी म्हणाले, "कसला वास येतोय?" सासूबाईंशी बोलणं म्हणजे वाफ्यांचं बोलणं. चौथा छान आलाय, पहिला माजलाय, सहाव्याला अळी दिसली. सासूबाई "हं" म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. मला राग यायचा. मी एकदा म्हटलंही, "आई, तुम्हाला कंटाळा नाही येत?" तर म्हणाल्या, "दुसऱ्या बायकांचे नवरे शेजाऱ्यांबद्दल बोलतात. हा निदान झाडांबद्दल बोलतो."

सासरे निवृत्त व्हायच्या वर्षी केंद्रात नवे साहेब आले. तरुण, हुशार, आणि काहीतरी करून दाखवायची भयंकर घाई. त्यांनी चौतीस वर्षांच्या वह्या काढल्या आणि त्यांना एक गंमत दिसली. आधीची तेवीस वर्षं सातव्याचं पान तीन सेकंदांत विझायचं. मग अकरा वर्षांपूर्वी सेकंद वाढायला लागले. पाच, आठ, दहा. आता तेरा. सल्फेटपेक्षाही जास्त. उत्पन्नही थोडं वाढलेलं. या अकरा वर्षांतले जळणाचे आकडे माझेच होते. मी दरवर्षी ते लिहिले आणि दरवर्षी वाटलं, जमिनीचं काही सांगता येत नाही.

साहेबांना मात्र सांगता येत होतं. "जमिनीनं स्वतःला सावरलंय," ते म्हणाले. "खतांची गरजच नाही. पान बारीक येतं, पण दर्जा पहिल्या नंबरचा!" पत्रक काढलं. दोन हजार प्रती. 'खताविना उत्तम तंबाखू.' शेवटच्या पानावर सातव्या वाफ्याचा तक्ता आणि खाली छापलेलं: निरीक्षणे, आणि सासऱ्यांचं नाव. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, पूर्ण.

चौतीस वर्षं दर अहवालात त्यांचा उल्लेख 'क्षेत्र सहायक' एवढाच यायचा. त्या दिवशी ते पत्रक घेऊन घरी आले, टेबलावर ठेवलं, हात धुतले, पुसले, आणि मग परत उघडलं. वाचून झाल्यावर सासूबाईंना दाखवलं. सासूबाईंनी चष्मा लावून नाव मोठ्यानं वाचलं. सासरे खिडकीबाहेर बघत होते, पण कान लाल झाले होते. मला खरंच फार आनंद झाला. या माणसासाठी मला आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं.

शनिवारी निरोपाचा कार्यक्रम ठरला. आसपासचे सगळे तंबाखूवाले येणार, पत्रकं वाटणार, सासऱ्यांना फुलं आणि भिंतीवरचं घड्याळ देणार. साहेबांना मंचावर लावायला एक मोठा तक्ता हवा होता. मला म्हणाले, "सातही वाफ्यांच्या मातीची तपासणी करून द्या, छान दिसेल." म्हणजे आधी छापलं आणि मग तपासायला दिलं. मोठ्या पदावरच्या माणसांची ही पद्धत असावी.

सोमवारी माती आणली, मंगळवारी आकडे आले. पोटॅश सगळ्यात जास्त कुठे? ज्याला चौतीस वर्षं काही मिळालं नाही, त्या सातव्यात. चौथ्यात पोतीच्या पोती सल्फेट गेलेलं, त्याच्याहीपेक्षा जास्त. मी म्हटलं, बाटल्या बदलल्या असतील. परत केलं. तेच. यंत्र पुसून तिसऱ्यांदा केलं. तेच. मग मी उठले आणि सरळ सातव्यावर गेले. सातवा रांगेत शेवटचा, त्याच्या पलीकडे कुंपण, कुंपणाला एक लहान फाटक, आणि फाटकापलीकडे आमचं घर. फाटकापाशी वाकून मातीत बोट घातलं. वरचा थर करडा होता, पिठासारखा मऊ.

मी फाटकातून आत गेले. सासूबाई मागच्या दारी भांडी घासत होत्या.

"आई, सात नंबरमध्ये तुम्ही काही टाकता का?"

"राख," त्या म्हणाल्या. घासायचं थांबवलं नाही.

"कसली राख?"

"चुलीची. दुसरी कसली असते?"

"कधीपासून?"

"थोरलीचं लग्न झालं त्या साली पाणी तापवायची चूल मागे आणली ना, तेव्हापासून."

थोरल्या नणंदेच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मी तिथेच पायरीवर बसले.

"बाबा नसताना टाकायचात?"

"ते नसताना कशाला? चोरी आहे का ती? सकाळी आठला टाकते. ते तिथेच असतात की, पानं मोजत. एकदा तर मला म्हणाले, जरा बाजूला हो, पट्टीवर सावली पडतेय."

मला हसावं की डोकं धरावं कळेना. "आणि बाकीच्या वाफ्यांना?"

"त्यांना कशाला? त्यांना पोती आहेत. आणि तो तीन नंबरवाला तर मला आगाऊच वाटतो."

संध्याकाळी सासरे आले. मी मातीचे आकडे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी सातव्याच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "यंत्र बिघडलंय तुझं."

"तीनदा केलं, बाबा."

"मी राख टाकते तिथे," सासूबाई म्हणाल्या. पाणी पुढे ठेवावं तसं सांगितलं.

सासऱ्यांनी सातव्याच्या ओळीवरचं बोट उचललं. मला वाटलं, आता ओरडतील. पण ते म्हणाले, "केवढी?"

"आठवड्याला एक डबा. लावणीपासून तोडणी होईपर्यंत. चाळून."

"चाळून का?"

"खडे नकोत म्हणून."

सासऱ्यांनी मान हलवली, म्हणजे ते बरोबरच होतं. मग वही काढली, पानं उलटली, अकरा वर्षं मागे गेले. पाच सेकंद तिथूनच सुरू होत होते. "लाकडाच्या राखेत पोटॅश असतं," ते वहीकडे बघत म्हणाले. "क्लोरीन नसल्यासारखंच. नत्र अजिबात नाही. म्हणून पान लहानच राहिलं, लवकर पिकलं, आणि जळलं." सगळं बरोबर होतं. चौतीस वर्षांत त्यांनी केलेला सगळ्यात उत्तम खुलासा तो होता, आणि त्यात त्यांचंच सगळं वाहून जात होतं.

"पण का टाकलीस?" त्यांनी विचारलं.

"सहा जणांना वाढायचं आणि सातव्याला नुसतं पाणी दाखवायचं, हे कुठलं शास्त्र?" सासूबाई म्हणाल्या. मग जरा आवाज उतरला. "आणि तुम्ही रोज तोंड पाडून घरी यायचात. सातव्याची पानं पिवळी पडली, सातवा गुडघ्याच्या वर येईना. धड जेवायचा नाहीत. मला बघवेना. राख घालायला लागले तसं तुमचं सुधारलं."

"हो," सासरे म्हणाले. "तेव्हापासून भूक लागायला लागली होती खरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. साहेबांनी सगळं ऐकलं, दार लावलं आणि म्हणाले, "पट्टीकाका, दोन हजार प्रती आहेत. वरपर्यंत गेलंय. शनिवारी तुम्ही फुलं घ्या, घड्याळ घ्या, शांतपणे घरी जा. पुढच्या वर्षी मी बघतो काय ते."

"पुढच्या वर्षापर्यंत लोक लावणी करून बसतील," मी म्हटलं. "पत्रक वाचून पोटॅश टाकणार नाहीत. त्यांच्या शेतात काही कुणाची सासू राख घेऊन येणार नाही. पान कागदासारखं निघेल आणि तीन सेकंदांत विझेल. आख्खा हंगाम जाईल लोकांचा!"

"तुम्ही प्रयोगशाळा सांभाळा," साहेब मला म्हणाले.

सासरे म्हणाले, "बरं."

बाहेर आल्यावर मी फुटले. "बरं काय बरं? बाबा, तुमचं नाव आहे त्याच्याखाली!"

"हो ना," ते म्हणाले. "नाव आहे."

मी काय समजायचं ते समजले. माणसाला एकदाच नाव मिळतं आणि ते सोडवत नाही. गुरुवारी त्यांनी नवा शर्ट घालून पाहिला, शुक्रवारी सासूबाईंनी त्याला इस्त्री केली. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातच आलं नाही, त्यामुळे आणखीच चिडले.

शनिवारी सभागृह भरलं. गरम होत होतं, लोक पत्रकांनीच वारा घेत होते. माझ्या मागे बसलेला एक शेतकरी शेजाऱ्याला म्हणाला, "बरं झालं बाबा, यंदा पोटॅशची कटकट नाही." मला तिथून उठून जावंसं वाटलं. साहेबांनी भाषण केलं, जमिनीनं स्वतःला सावरल्याचं दोनदा सांगितलं, फुलं दिली, घड्याळ दिलं. मग सासऱ्यांना म्हणाले, "दोन शब्द बोला, काका." दोनच, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

सासऱ्यांनी घड्याळ खुर्चीवर ठेवलं आणि माइकपाशी आले.

"तुमच्या हातात माझ्या नावाचं पत्रक आहे," ते म्हणाले. "शेवटचं पान चुकीचं आहे. सातवा वाफा उपाशी नव्हता. त्याला अकरा वर्षं चुलीची राख मिळत होती. राखेत पोटॅश असतं, म्हणून पान जळलं. तुम्ही काही टाकलं नाहीत तर तुमचं जळणार नाही. पोटॅश टाका. म्युरेट नको, सल्फेट. युरिया बेतानं."

पत्रकांचा वारा थांबला. साहेब उठून उभे राहिले. "पण काका, ही राख टाकली कोणी?" त्यांना माहीत होतं. लोकांसमोर ते कुणाच्या तरी माथी बसलं पाहिजे होतं.

"माझ्याकडून पडली," सासरे म्हणाले.

बायकांच्या रांगेतून सासूबाई उठल्या. "यांच्याकडून? अहो, यांनी जन्मात चूल पेटवलेली नाही. राख कुठून आणतील? राख माझी आहे."

सभागृह असं हसलं की माइक शिट्टी मारायला लागला. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. सासरे हसू थांबेपर्यंत उभे राहिले.

"खरं आहे," ते म्हणाले. "राख हिची. चूक माझीच. त्या वाफ्यावर कोण येतं, कोण जातं, ते मी रोज लिहायचो. तीन कावळे लिहिले. शेळी लिहिली. पाहुणे लिहिले. ही अकरा वर्षं माझ्या शेजारून डबा घेऊन जात होती. हिला मी एकदाही लिहिलं नाही. मला ती दिसलीच नाही."

आता कुणी हसत नव्हतं. सासूबाई अजून उभ्याच होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी रडणाऱ्यातली नाही. सासरे घड्याळ उचलून खाली आले आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर, बायकांच्या रांगेत, जाऊन बसले.

मागचा शेतकरी मात्र लगेच पुढे वाकला. "बाई, कुठल्या लाकडाची राख?" सासूबाईंनी त्याला नीट सांगितलं. मग आणखी चार जण आले. सासरे प्रत्येकाला म्हणत होते, "नुसत्या राखेवर राहू नका, हं."

साहेबांनी सोमवारी फर्मान काढलं: प्रती गोळा करायच्या आणि शेवटचं पान काढायचं. काढायला कोण? निवृत्त माणसाला सांगता येत नव्हतं, पण सासरे आपणहून गेले. चौतीस वर्षांत एकदा छापून आलेलं नाव, तेही आता दोन हजार वेळा फाडायचं होतं. आम्ही तिघं गोदामात जमिनीवर बसलो. सासरे कड सरळ येईल असं फाडत होते. सासूबाई भराभर फाडत होत्या. मी मोजत होते.

दुपारी संपलं. फाडलेल्या पानांचे गठ्ठे बांधताना सासूबाईंनी एक पान काढलं, घडी घातली आणि पिशवीत ठेवलं.

"ते कशाला?" सासरे म्हणाले. "त्यावरचे आकडे चुकीचे आहेत."

"असू देत. नाव तर बरोबर आहे ना?"

सासऱ्यांनी हात पुढे केला. सासूबाईंनी पान दिलं. त्यांनी घडी उघडून नाव शेवटपर्यंत वाचलं, पानाची परत घडी केली आणि ते सासूबाईंच्या हातात दिलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले.